त्रेचाळीस घरांची दुपार

"नर्सबाईंनी सही मागितली म्हणून लगेच देऊ नकोस. बीपीचा पट्टा तुझ्या दंडाला बांधला, हवा भरली, सोडली, आकडा तू स्वतः बघितलास, मग सही. त्याआधी नाही."

बॅगेची चेन ओढता ओढता सासूबाईंनी सुनेला हे सांगितलं, तेव्हा बाळ तीन दिवसांचं होतं आणि सून त्याच्या करंगळीच्या नखात गढलेली होती. नख निळसर वाटत होतं की खिडकीचा पडदाच निळा होता, याचा निकाल काही लागेना. "हो आई," ती म्हणाली. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. सासूबाईंच्या सूचनांना अंत नसे. एकेक मनावर घेतली असती तर माणसाला जेवायलाही सवड मिळाली नसती.

सासूबाई सरकारी नोकरीत. बावीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली आणि गेली आठ वर्षं त्या परिचर्या व प्रसूतिसेवा कार्यालयात तपासणीच्या टेबलावर बसत होत्या. कार्यालय म्हणजे चार खोल्या, भिंतीला लागून लोखंडी कपाटं आणि मधल्या टेबलावर एक जाडजूड नोंदवही. त्या वहीत नाव असेल तर नर्सला कामाला हात लावता येई, नसेल तर नाही. नर्सिंगच्या शाळा नीट शिकवतात का, घरोघर जाणाऱ्या नर्सबाई खरंच घरी जातात का, कुणाविरुद्ध तक्रार आली तर ती खरी की खोटी, हे सगळं तिथूनच बघितलं जाई. सासूबाईंना तिथे मागून 'टाचणी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "बोथट असण्यापेक्षा बरं," असं त्या म्हणत.

त्या कार्यालयाचा एक नियम मात्र घरात कायम चेष्टेचा विषय होता. खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक बाईने वर्षातले वीस दिवस वॉर्डात उभं राहून ड्युटी करायची. नाहीतर वहीतलं तिचंही नाव कटलं. साठीला टेकलेल्या सासूबाई पांढरे बूट घालून निघाल्या की मुलगा म्हणायचा, "आईची परीक्षा आहे आज. दही-साखर नाही, निदान पेन तरी द्या." सून हसायची. मैत्रिणींनी विचारलं, सासूबाई काय करतात, तर ती सांगायची, "काही नाही गं, फायली सांभाळतात."

सून शिकलेली होती. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. त्यामुळे भीती वाटायला लागणारी सगळी माहिती तिच्याकडे तयार होती. दाराशी कुणी शिंकलं तर पाहुण्याला तिथूनच निरोप. बाळाचे श्वास ती मिनिटाला मोजायची, दूध किती वाजता, कुठल्या बाजूने, किती वेळ हे वहीत लिहायची, आणि बाळ फारच शांत झोपलं तर त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. डोळ्यांत तेल घालून पहारा चालला होता. फक्त पहाऱ्याचं तोंड एकाच दिशेला होतं.

त्या दिवशी सासूबाई दूरच्या एका नर्सिंग शाळेच्या तपासणीला गेल्या. सहा दिवसांचा दौरा. दुपारी नर्सबाई आल्या. त्यांना सगळी गल्ली लगबगबाई म्हणायची, कारण त्या चालताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं, कायम अर्धवट धावत. पण हात गार आणि हळू. त्यांनी बाळाचं वजन केलं, नाळ बघितली, सुनेच्या दंडाला पट्टा बांधला आणि कार्डावर लिहिलं. एकशे अठरा, शहात्तर. सुनेने सही केली. कार्ड बाळंतिणीकडेच राहायचं आणि सहा आठवड्यांनी कार्यालयात जमा व्हायचं, अशी पद्धत होती.

सातव्या दिवशी लगबगबाई आल्या त्या घामाघूम. जोडीदारीण अचानक लांबच्या रजेवर गेली होती आणि तिचीही घरं यांच्याच गळ्यात पडली होती. ही आजची अकरावी पायरी, अजून तीन बाकी. बाळ कसंबसं आत्ताच झोपलेलं. मशीन काढायला त्यांनी पिशवीत हात घातला तर चिकटपट्टीचा टर्र असा आवाज झाला आणि बाळाने भुवई हलवली.

"राहू द्या ना सिस्टर," सून कुजबुजली. "मी ठीक आहे. जागं झालं तर दोन तास झोपायचं नाही."

लगबगबाईंनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग कार्ड गुडघ्यावर घेऊन लिहिलं. एकशे वीस, ऐंशी. सुनेने सही केली. दोघींनाही एकमेकींचे उपकार झाल्यासारखं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी सासूबाई दौऱ्यावरून आल्या तेव्हा सून डोक्याला ओढणी घट्ट बांधून बाळाला पाजत होती. झोप नाही, म्हणून डोकं दुखतंय, ती म्हणाली. सासूबाईंनी बाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, याचा तिला मनातून राग आला. सहा दिवसांनी आजी घरी येते आणि नातवाला सोडून सुनेच्या घोट्यावर अंगठा दाबते. अंगठा उचलला तर तिथे खळगा तसाच राहिला. डोळ्यांपुढे चमकतं का, सासूबाईंनी विचारलं. चमकत होतं. कालपासून. पण ते ट्यूबलाइटमुळे असेल असं तिने ठरवून टाकलं होतं.

सासूबाईंनी कपाटातून स्वतःचं मशीन काढलं. एका दंडावर मोजलं. दुसऱ्या दंडावर मोजलं. एकशे सत्तर, एकशे दहा. "गाडी काढ," एवढंच त्या मुलाला म्हणाल्या. बाळंतपण होऊन गेल्यावरही बीपी असं चढू शकतं आणि वेळेत कळलं नाही तर झटके येतात, हे सुनेला त्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवर समजलं. पदवीत हा धडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोका उतरला होता. इंजेक्शनं चालू होती, बाळ शेजारी होतं. कार्यालयात जाण्याआधी सासूबाई वॉर्डात आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि पर्समधून ते कार्ड काढलं.

"तिसऱ्या दिवसाचा आकडा माणसाचा वाटतो," त्या म्हणाल्या. "सातव्या दिवसाचा फारच गोल आहे. पट्टा बांधला होता का गं तिने?"

सुनेने बाळाचं दुपटं सारखं केलं. खरं सांगावं तर आपणच नको म्हटलेलं, आणि सांगून ठेवलेलं असताना सही केलेली. वर त्या धावपळ करणाऱ्या बाईच्या पोटावर पाय. आता तर आपण बऱ्या झालो, मग गाडलेलं मढं कशाला उकरून काढा?

"बांधला होता," ती म्हणाली.

सासूबाईंनी कार्ड पुन्हा पर्समध्ये ठेवलं. दोन दिवसांतही चढतं कधीकधी, असं पुटपुटत त्या उठल्या आणि गेल्या.

दुपारी साडेबाराला सुनेने शिंपीणबाईला फोन केला. शिंपीणबाई म्हणजे बाळंतपणाच्या वेळची शेजारच्या खाटेवरची. दोघींची बाळं एकाच दिवशीची, दोन तासांच्या अंतराने. नवरा जहाजावर, घरात ती आणि तिचं शिवणयंत्र. तोंड इतकं खट्याळ की टाके ताजे असताना हिला हसवून हसवून रडवलेलं. आजही तिने फोन उचलताच सुरुवात केली, "काय गं, तुझा हवालदार काय म्हणतो? माझी महाराणी रात्रभर दरबार भरवते." मग आवाज जरा खाली आला. पाय एवढे सुजलेत की चप्पल चढत नाही, ती म्हणाली. कालपासून डोकं असं ठणकतंय की सुईत दोरा ओवता येईना, एकाच्या दोन सुया दिसतात.

आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ये, असं सुनेने सांगितलं, आपली सगळी कहाणी सांगितली. पलीकडून हसणं ऐकू आलं.

"अगं, तुझं वेगळं. माझं बीपी बघून गेल्यात ना सिस्टर, परवाच. हे बघ, कार्ड समोरच आहे. एकशे वीस, ऐंशी. ठणठणीत. आता सरकारी बाई खोटं लिहील होय? महाराणीला एकटीला टाकून कुठे येऊ मी? जरा पडते, बरं वाटेल."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. तिसऱ्यांदाही नाही.

सून खाटेवर बसून राहिली. कार्डावरचा आकडा आपला एकटीचा नाही, हे तिला आत्ता दिसलं. तोच आकडा, तशाच गोल अक्षरात, कुणास ठाऊक किती उशांखाली होता, आणि तो वाचून बाया स्वतःच्या दुखऱ्या डोक्यावर अविश्वास दाखवत होत्या. सकाळी साडेनऊला आपण खरं बोललो असतो तर? तीन तास गेले होते. तिने कार्यालयाचा नंबर लावला.

"आई, मी खोटं बोलले. पट्टा बांधला नव्हता. मीच नको म्हटलं होतं. आणि अजून एक आहे, तिचंही तसंच लिहिलंय, आणि तिला दोन दोन दिसतंय."

सासूबाईंचा आवाज आला, रोजचाच, भाजी आणायला सांगावी तसा.

"रडणं नंतर. तिचा पत्ता सांग."

त्यानंतर कार्यालयात काय झालं ते सुनेला पुढे टपालवाल्या काकांकडून कळलं. अख्ख्या कार्यालयात नर्स नसलेला हा एकटाच माणूस, निवृत्तीला आलेला, आणि ती दुपार त्याने पुढे ज्याला त्याला रंगवून सांगितली.

काका सांगायचे, टाचणी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत घुसली. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. टाचणी उभ्या उभ्या म्हणाली की प्रकरण माझ्या सुनेचं आहे, तेव्हा चौकशी माझ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे द्या, पण चौकशी उद्या होईल, घरं आज बघायला हवीत. लगबगबाईंना फोन गेला. त्या धावतच आल्या, नेहमीसारख्या. टाचणीने त्यांच्यापुढे त्यांचीच डायरी ठेवली. सुनेचं नाव सोडून बावन्न बाळंतिणींची नावं. एकही वाकडा शब्द न बोलता तिने विचारलं, जिथे खरंच पट्टा बांधलात तिथे खूण करा. लगबगबाईंनी पेन घेतलं. एकही खोटी खूण त्यांनी केली नाही. नऊ झाल्या. राहिली त्रेचाळीस घरं.

"मीही जाते," लगबगबाई म्हणाल्या.

"तुम्ही इथे बसून प्रत्येक घराची वाट सांगा," टाचणी म्हणाली. "ती तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही."

मग मोठ्या बाईंनी स्वतःचं कपाट उघडून मशीन काढलं. नोंदणीवाल्या, परीक्षेवाल्या, शाळा मंजूर करणाऱ्या, सगळ्या मिळून अकरा जणी. कुणी चष्मा पुसला, कुणी टाचेचे बूट काढून वॉर्डातले पांढरे बूट चढवले. दहा जणींच्या वाट्याला चार चार घरं, मोठ्या बाईंच्या वाट्याला तीन. एकीलाही विचारावं लागलं नाही की बाई, शेवटचा पट्टा कधी बांधलास, कारण प्रत्येकीचे ते वीस दिवस वहीत लिहिलेले होते. सव्वा वाजता कार्यालयाला कुलूप लागलं. म्हणजे लागलंच असतं, पण फोनवर लगबगबाई आणि काका बसले होते, म्हणून दारावर नुसता कागद चिकटवला: 'कार्यालय तपासणीसाठी बाहेर गेले आहे.' छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा कागद आपण पहिल्यांदा लिहिला, असं काका सांगायचे आणि कागदावरची शाई वाळायच्या आत बायका जिना उतरल्याही होत्या.

इकडे वॉर्डात सून दाराकडे डोळे लावून होती. दोन वाजले. बाळ रडलं, तिने पाजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा किती वाजता, कुठल्या बाजूने, हे लिहायला विसरली. शिंपीणबाईच्या घरी आई स्वतः गेल्या असतील की दुसरं कुणी? दार उघडलं असेल ना? ती उशीखाली डोकं खुपसून पडली असेल तर? पावणेतीन झाले.

मग दार ढकललं गेलं आणि ढकलगाडी आत आली. गाडीवर शिंपीणबाई. चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा, पण डोळे उघडे. तिच्या शेजारून सासूबाई चालत होत्या. एका हातात मशीनची पिशवी, दुसऱ्या हातावर महाराणी, कुंचीसकट गाढ झोपलेली. केस विस्कटलेले, श्वास लागलेला. त्या ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगत होत्या, एकशे ऐंशी, एकशे पंधरा, दोन्ही दंडांवर, एक वाजून चाळीस मिनिटांनी, मग पुन्हा गाडीत. आवाजात कुठे घाई नाही, कुठे अडखळ नाही. डॉक्टरांनी एकदाही 'नक्की का' असं विचारलं नाही.

ही बाई फायली सांभाळते, असं आपण सांगत होतो. सुनेचे कान गरम झाले. पण त्या लाजेखालून दुसरं काहीतरी वर येत होतं आणि छाती भरून येत होती. तिला वाटलं, खाटेवर उभं राहून वॉर्डभर सांगावं, ही माझी सासू आहे.

सासूबाईंनी महाराणीला तिच्या मांडीवर दिलं. "धर. हिची आई बरी होईपर्यंत दोन्ही तुझीच," त्या म्हणाल्या आणि वळल्या. त्यांची अजून तीन घरं बाकी होती.

सूर्य मावळायच्या आत त्रेचाळीसही घरं झाली. शिंपीणबाईखेरीज दोघींचं बीपी चढलेलं निघालं, एकीला ताप होता आणि तो तिने घरच्यांपासून लपवलेला. चौघीही बऱ्या झाल्या. शिंपीणबाईला सहा दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने कूस वळवून विचारलं, "तुझ्या सासूला लग्नाची मुलगी आहे का गं कुणी? माझ्या भावाला अशीच सासू हवीय," तेव्हा सुनेला कळलं, गाडी रुळावर आली.

चौकशी झाली. सुनेने जबाब दिला तो सगळा. नको मीच म्हटलं, सही मीच केली, हेही लिहून घ्या, असं तिने सांगितलं. लगबगबाईंनी काहीही नाकारलं नाही. एवढंच म्हणाल्या की दिवसाला चौदा घरं होत नाहीत असं मी कार्यालयाला लिहून कळवलं होतं, उत्तर आलं नाही. पत्र शोधलं. ते सापडलं टाचणीच्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये, न फोडलेलं. दौऱ्यावर जाताना आपला ट्रे दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करून जायचं, असा तिथला रिवाज. सासूबाईंनी तो कधीच पाळला नव्हता, कारण आपल्यासारखं टपाल दुसरी कुणी बघेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. दिव्याखाली अंधार तो असा.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी हे स्वतःहून घरात सांगितलं. मुलगा म्हणाला, अगं, पण कुणाला कळलंही नसतं, पत्र उशिरा मिळालं म्हणायचं. सासूबाईंनी घास खाली ठेवला.

"मग माझ्यात आणि त्या गोल आकड्यात फरक काय राहिला?"

चौकशीच्या कागदावर पहिला दोष त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून दिला, मोठ्या बाईंनी त्यावर शेरा मारला, आणि तो त्यांच्या नोकरीच्या नोंदीत कायमचा बसला. लगबगबाईंचं नाव वहीतून काढलं नाही. सहा महिने त्यांनी एकटीने घरी जायचं नाही, दुसरीच्या देखरेखीखाली काम करायचं, असं ठरलं. आणि एका नर्सला दिवसात सातपेक्षा जास्त घरं द्यायची नाहीत, असा हुकूम निघाला. तो टाइप होऊन आला तेव्हा काकांनी स्वतः त्याच्या प्रती वाटल्या, सायकलवरून, टपालावर भरवसा न ठेवता.

सुनेचं बाळ आता बसायला लागलं आहे आणि महाराणी त्याच्या डोक्यावर खुळखुळा आपटते. परवा शेजारच्या काकूंनी बोलता बोलता विचारलं, तुझ्या सासूबाई अजून त्या ऑफिसात फायलीच करतात का? सुनेने काकूंना खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि त्रेचाळीस घरांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काकूंचा चहा गार झाला. मग त्या जरा चाचरत म्हणाल्या, आमची भाची बाळंत होऊन आठ दिवस झाले गं, आम्ही सगळे बाळच बघून आलो. सुनेने त्यांना बोलणं पुरं करू दिलं नाही, चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या.

तुमच्याही माहितीत असेल अशी कुणीतरी. वरच्या मजल्यावर, पलीकडच्या गल्लीत, ऑफिसातल्या कुणाची बायको, तुमची स्वतःची बहीण. बाळाचे फोटो तुम्हाला आलेच असतील. एवढं वाचून झालं की उठा, तिला फोन करा, जमलं तर जाऊनच या. बाळ झोपलेलं असू दे. तिच्याजवळ बसा आणि डोकं दुखतंय का, पाय सुजलेत का, डोळ्यांपुढे काही चमकतं का, हे विचारा. ती 'मी ठीक आहे' म्हणेल. तरी थांबा, आणि पुन्हा विचारा.